त्रास कोणाला, भांडण कोणाशी? : उपद्रव व कलह दर्शविणाऱ्या इंग्रजी शब्दांचा मराठी-कन्नड संदर्भात विचार

बेंगळूर येथे मराठी भाषकांची वस्ती शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. या शहरातील मराठी माणसाला कन्नड शिकताना ज्या शब्दांचा विशेष आधार वाटतो, ते फारसी-अरबीतून दोन्ही भाषांत आलेले शब्द होत. आणि त्याला सर्वांत अधिक फसवितात तेही हेच. 'बेजार' हा त्यांपैकी एक. मराठीत माणूस दुखण्याने, कर्जाने किंवा शेजाऱ्याच्या उपद्रवाने बेजार होतो, म्हणजे पुरता जेरीस येतो. कन्नडात कोणी 'ननगे बेजारु आयितु' असे म्हटले, तर त्याला कंटाळा आला असेल, वाईट वाटले असेल, किंवा कोणाच्या बोलण्याने तो किंचित दुखावला असेल. जेरीस आलेला असण्याची शक्यता कमी. तोच माणूस कार्यालयात इंग्रजी बोलू लागला की या एका शब्दाची वाटणी त्याला 'बोअर', 'अपसेट' आणि 'ॲनॉइड' अशा तीन शब्दांत करावी लागते.

या निरीक्षणातून निघणारा नेहमीचा निष्कर्ष असा, की इंग्रजीत छटा पुष्कळ आणि आपल्याकडे शब्द मोघम. हा निष्कर्ष मला मान्य नाही. इंग्रजी भाषा मनस्ताप, उपद्रव, छळ आणि भांडण या सलग प्रदेशाची विभागणी प्रामुख्याने शब्द बदलून करते. मराठी व कन्नड त्याच प्रदेशाची विभागणी बऱ्याच अंशी विभक्तिप्रत्ययाने आणि सहायक क्रियापदाने करतात. भाषांतर करताना आपण शब्दाला शब्द शोधतो आणि प्रत्यय हातातून गळून जातो. हे गळणे केवळ शैलीपुरते राहिले असते, तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु कायद्याच्या भाषेत व वृत्तपत्रांच्या स्तंभांत त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागलेले आहेत.

होणे, देणे, करून घेणे

मराठीत 'त्रास' हे नाम तीन क्रियापदांबरोबर तीन निरनिराळ्या भूमिका घेते. 'मला धुराचा त्रास होतो' या वाक्यात भोगणारा आहे, परंतु दोषी कोणी नाही. 'तो मला त्रास देतो' यात भोगणाऱ्यासमोर देणारा उभा राहतो. 'मी उगाच त्रास करून घेतो' म्हणताच दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे येतात. नाम तेच, जबाबदारी मात्र पहिल्या वाक्यात कोणाचीच नाही, दुसऱ्यात परक्याची आणि तिसऱ्यात आपली. 'फार त्रास करून घेऊ नकोस' हे सासुरवाशिणीला माहेरची वडीलधारी मंडळी सांगतात तेव्हा ते सांत्वन असते, आणि पुष्कळदा 'देतो' हे क्रियापद चर्चेतून अलगद काढून टाकण्याची ती युक्तीही असते. इंग्रजीत हे सांगता येत नाही असे नाही, परंतु त्यासाठी क्रियापद आणि वाक्यरचना दोन्ही बदलावी लागतात. मराठीत एका सहायक क्रियापदाची अदलाबदल पुरते.

कन्नडात हीच रचना जवळजवळ शब्दशः आढळते. 'तोंदरे आगु' म्हणजे त्रास होणे, 'तोंदरे कोडु' म्हणजे त्रास देणे, आणि 'तोंदरे माडिकोळ्ळु' म्हणजे त्रास करून घेणे. शेवटच्या रूपातील 'कोळ्ळु' या धातूचा मूळ अर्थ मराठी 'घेणे' याच्याशी जुळतो, एवढी ही समांतरता खोल आहे. (शेजारच्या तेलुगूत 'तोंदर' म्हणजे मात्र घाई. घाई आणि त्रास यांचे नाते बेंगळूरच्या रहदारीत अडकलेल्यास समजावून सांगावे लागू नये.) भोगणाऱ्याला चतुर्थीत ठेवणारी ही रचना आर्यकुलातील व द्राविडकुलातील भाषांना समान आहे, आणि मरी एमनो यांनी १९५६ साली मांडलेल्या 'भाषिक क्षेत्र म्हणून भारत' या कल्पनेच्या समर्थनार्थ ती पुढे अनेकदा पुढे केली गेली. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू यांच्या सहवासाचा गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. शब्द आपापले आणि वाक्याचा साचा सामाईक, हे त्यात दाखविलेले चित्र आपल्या विषयाला चांगले लागू पडते.

साच्याबरोबर काही प्रतिमाही सामाईक झाल्या. मराठी माणूस 'डोके खाऊ नकोस' म्हणतो, कन्नड माणूस 'तले तिन्नबेड' म्हणतो, आणि बेंगळूरच्या महाविद्यालयांत इंग्रजीतूनही डोके खाल्ले जाते. इंग्लंडच्या माणसाला ते नरभक्षण वाटेल. ध्वन्यनुकारी शब्दांची गोष्ट तशीच. कटकट, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कुरबुर ही मराठी मालिका पाहिली, तर उपद्रव आपल्याला प्रथम कानाने कळतो असे म्हणावेसे वाटते. कन्नड 'किरिकिरि' हे मराठी 'किरकिरी'चे सख्खे भावंड दिसते, आणि त्याच्याच नात्यातील वाटणारा 'किरिक' हा बेंगळूरच्या तरुणांच्या बोलीतील शब्द आज उपद्रव आणि भांडण या दोहोंसाठी वापरला जातो. २०१६ च्या 'किरिक पार्टी' या कन्नड चित्रपटाने त्याला शहराबाहेरही पोहोचविले.

इंग्रजीतील हरवलेली चतुर्थी

इंग्रजी शब्दांची कुळे तपासली तर तेथे कान कमी आणि हात, दात व गळा अधिक आढळतो. 'वरी' याचा जुन्या इंग्रजीतील अर्थ गळा दाबणे. मेंढीला कुत्र्याने मानगुटीस धरून हिसडणे यासाठी हे क्रियापद आजही वापरले जाते. 'व्हेक्स' याच्या मुळाशी हलविणे, झोडपणे आहे. 'पेस्टर' म्हणजे मुळात घोड्याला पायबंद घालणे. 'टीझ' म्हणजे लोकर पिंजणे. आपणही एखादा प्रश्न पिंजून काढतो, माणसाला मात्र पिंजत नाही. या मालिकेत 'बॉदर' तेवढा कानाचा असण्याचा संभव आहे. अठराव्या शतकात तो प्रथम आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लेखकांच्या इंग्रजीत दिसतो, आणि बहिरेपणा दर्शविणाऱ्या आयरिश 'बोधर' या शब्दाशी त्याचे नाते सुचविले गेले आहे. कोशकारांचे याविषयी मतैक्य नाही. परंतु ती व्युत्पत्ती खरी असेल तर 'बॉदर' आणि आपला 'बहिरा' हे दूरचे चुलतभाऊ ठरतात, कारण आयरिश 'बोधर' व संस्कृत 'बधिर' यांचे मूळ एकच मानले जाते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द 'ॲनॉय' हा आहे. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्यामागे लॅटिनमधील 'मिही इन ओदिओ एस्त' ही शब्दसंहती आहे. तिचा अर्थ 'ते मला तिरस्करणीय आहे' असा. 'मिही' म्हणजे 'मला'. म्हणजे ज्या शब्दाला आज आपण इंग्रजी मनोवृत्तीचा नमुना समजतो, त्याच्या जन्मपत्रिकेत चतुर्थी आहे. याच मुळापासून फ्रेंचमध्ये कंटाळ्यासाठी 'आंन्वी' हा शब्द सिद्ध झाला. त्रास आणि कंटाळा यांना एकाच घरात ठेवणारे कन्नड 'बेजारु' त्यामुळे एकाकी राहत नाही. जुन्या इंग्रजीतही भोगणारा चतुर्थीत असे. 'मीथिंक्स' हे 'मला वाटते' याचेच अवशिष्ट रूप होय, आणि 'इट अर्क्स मी' ही रचना अजूनही अधूनमधून कानी पडते. विभक्तिप्रत्यय झिजले, कर्ता वाक्यारंभी येण्याची सक्ती झाली, आणि भोगणारा एक तर कर्ता झाला किंवा साधे कर्म. पुढे क्रियापदाचे भाववाचक नाम झाले तेव्हा त्याला बाजूला ठेवण्याचीही सोय झाली. 'ॲनॉयन्स' या नामाला भोगणारा सांगावाच लागतो असे नाही. तो सांगणे न सांगणे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

एका कलमाची कथा

ही मर्जी कायद्यात काय करते हे पाहण्याजोगे आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत 'ॲनॉयन्स' हा शब्द अनेक ठिकाणी आला होता. २६८ व्या कलमातील सार्वजनिक उपद्रवाच्या व्याख्येत तो होता. परंतु तेथे तो कोणाला, हे सांगितलेले होते: जनतेला, किंवा आसपास राहणाऱ्या अथवा तेथे मालमत्ता धारण करणाऱ्या सर्वसाधारण लोकांना. २९४ व्या कलमात अश्लील कृत्य 'इतरांना' त्रास होईल असे असावे लागे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आता तिच्या २७० व्या कलमात आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील कायदेकारांनी इंग्रजीत लिहितानाही 'ला' हा प्रत्यय शब्दांच्या रूपाने जपला होता.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले आणि २००९ मध्ये अमलात आलेले कलम ६६अ या बाबतीत निराळे होते. त्याच्या एका खंडानुसार, असत्य असल्याचे ठाऊक असलेली माहिती त्रास, गैरसोय, अपमान, वैरभाव इत्यादी निर्माण करण्याच्या हेतूने सातत्याने पाठविणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र अपराध होता. त्रास कोणाला, हे त्या खंडात नव्हते. शब्दांची ही जुळणी नवी नव्हती. ब्रिटनमध्ये १९३५ च्या टपालविषयक कायद्याने टेलिफोनवरील संदेशांसंबंधी तशीच भाषा वापरली होती, आणि २००३ च्या दळणवळण कायद्यातही ती उतरली. टेलिफोनच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला मात्र एक माणूस असतो. 'कोणाला' हा प्रश्न तेथे यंत्रच सोडविते. महाजालावर ठेवलेल्या मजकुराला असे दुसरे टोक नसते. तारेसाठी घडविलेले शब्द बिनतारी जगात आणले गेले आणि चतुर्थीची जागा रिकामी राहिली. त्या जागेवर कोणीही येऊन बसू शकत होता.

तसे घडलेही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित करणाऱ्या पालघर येथील एका तरुणीस, आणि त्या मजकुराला केवळ पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६अ होते. पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत संघराज्य' या खटल्याचा निकाल २४ मार्च २०१५ रोजी लागला आणि न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या पीठाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्या निकालातील युक्तिवादाचा एक भाग निव्वळ शब्दार्थविचाराचा आहे. जे एकाला त्रासदायक वाटते ते दुसऱ्याला वाटेलच असे नाही, आणि या शब्दांची व्याख्या कलमात कोठेही नाही, असे न्यायालयाने दाखविले. दंडसंहितेत त्रास हा अपराधाचा एक घटक होता, स्वतःच अपराध नव्हता, हा भेदही त्यात स्पष्ट केला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सिनसिनाटी शहराच्या एका नियमाबाबत असाच विचार केला होता. तिघा किंवा अधिक जणांनी पदपथावर जमून येणाऱ्याजाणाऱ्यांना त्रास होईल असे वागू नये, असा तो नियम होता. तेथे 'कोणाला' हे सांगितलेले होते, तरी तो नियम टिकला नाही. कारण एकाच्या त्रासाचे माप दुसऱ्याला लावता येत नाही. तेव्हा प्रत्यय असला की न्याय होतो असे समजण्याचे कारण नाही. प्रत्यय एवढेच करतो, की तो प्रश्न विचारायला भाग पाडतो.

मराठीचा पक्ष घेताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपणही हा प्रश्न टाळण्याची साधने निर्माण केली आहेत. 'त्रासदायक मजकूर', 'उपद्रवकारक वर्तन', 'आक्षेपार्ह विधान' या पदसंहती पाहाव्यात. 'दायक' म्हणजे देणारा. म्हणजे व्युत्पत्तीने हा शब्द 'देणे' याच कुटुंबातील आहे. परंतु समासात शिरताच घेणारा नाहीसा होतो आणि त्रास हा कोणा व्यक्तीचा अनुभव न राहता वस्तूचा गुण बनतो, मीठ खारट असावे तसा. इंग्रजी अधिनियमांच्या मराठी अनुवादांनी ही विशेषणे रूढ केली आणि वृत्तपत्रांनी ती स्वीकारली. बोलताना मात्र कोणी 'तो त्रासदायक आहे' एवढ्यावर थांबत नाही. ऐकणारा लगेच विचारतो, 'तुला काय केले त्याने?'

आजार, छळ आणि किरुकुळ

शब्दांचे वजन काळाबरोबर कमीजास्त होते, आणि तक्रारीचे वजन शब्दाच्या वजनावर अवलंबून असते. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भय. हिंदीने ती छटा राखली, म्हणूनच हिंदी समीक्षेत 'संत्रास' ही संज्ञा अस्तित्वाच्या भयासाठी येऊ शकली. मराठी वाचक ती वाचताना आधी डास आणि शेजारी आठवतो. 'राग' याची गोष्ट सर्वश्रुत आहे: संस्कृतात रंग व आसक्ती, कन्नडात मुख्यतः संगीतातला, मराठीत व बंगालीत क्रोध. 'अनुराग' मात्र मराठीत प्रेमळच राहिला.

'आजार' या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. फारसीत 'आज़ार' म्हणजे पीडा, जाच. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना रयतेकडून दाणे, भाकरी, लाकूड, भाजी घेऊ नये म्हणून लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात रयतेला आजार देण्याचा जो उल्लेख येतो, तो रोगराईचा नव्हे. लष्कराने प्रजेला दिलेल्या उपद्रवाचा आहे. त्या काळी आजार 'दिला' जात असे. आज तो 'होतो'. देणारा गेला, भोगणारा उरला. सतराव्या-अठराव्या शतकांतील कागदपत्रांत याच अर्थाने येणारे 'तोशीस', 'तसवीस', 'उपसर्ग' हे शब्द अभ्यासकांना आठवतील. त्यांपैकी 'तोशीस' आता खर्चापुरती उरली, आणि 'उपसर्ग' व्याकरणाच्या पुस्तकात व साथीच्या रोगांत जाऊन बसला.

याच्या उलट दिशेने 'छळ' गेला. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांपैकी एक 'छल' आहे: प्रतिपक्षाच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेऊन त्याला अडविणे. 'नवकंबल' म्हणजे नवे कांबळे असे बोलणाऱ्याला अभिप्रेत असता, 'नऊ कांबळी कोठे आहेत?' असे विचारणे हे त्याचे परंपरागत उदाहरण. वादसभेतील ही लबाडी मराठीत आली ती जीव नकोसा करणारी यातना होऊन. १९८३ मध्ये दंडसंहितेत ४९८अ हे कलम आल्यावर 'विवाहितेचा छळ' ही पदसंहती मराठी वृत्तपत्रांत स्थिर झाली. (ती तरतूद आता न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे.) १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी झालेल्या २०१३ च्या अधिनियमाचे मराठी नावही 'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ' असेच आहे. मराठीने येथे इंग्रजी 'हरॅसमेंट'पेक्षा जड शब्द निवडला, आणि तो योग्य निवडला असे मला वाटते.

कन्नडाने याच ठिकाणी 'किरुकुळ' हा शब्द घेतला: 'लैंगिक किरुकुळ', 'वरदक्षिणे किरुकुळ'. 'किरु' म्हणजे लहान. क्षुल्लक, क्षुद्र अशा अर्थांच्या परिसरातून हा शब्द वर आला आहे. आजच्या कन्नड भाषकाला त्यात लहानपणा ऐकू येत नाही, आणि व्युत्पत्तीवरून भाषेच्या संवेदनशीलतेची परीक्षा करणे हा अभ्यासकांचा जुना दोष आहे. तरीही बेंगळूरच्या एकाच कार्यालयात तोच इंग्रजी नियम मराठी कर्मचारी 'छळ' म्हणून आणि कन्नड कर्मचारी 'किरुकुळ' म्हणून मनात साठविते. दोघींची तक्रार करण्याची उंबरठ्याची उंची एकच राहील काय, हा प्रश्न भाषांतराच्या अभ्यासकांनी विचारण्यासारखा आहे. 'इव्ह-टीझिंग' या भारतीय इंग्रजी शब्दाबाबत तर उत्तर उघड आहे. 'टीझ' यातील थट्टेची छटा बोलणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते, म्हणून तो शब्द रस्त्यावरील भीतीचे वजन उतरवितो. मराठी 'छेडछाड' फारशी वेगळी नाही. सतारीच्या ताराही आपण छेडतोच.

'ला' आणि 'शी'

आता भांडणाकडे वळू. त्रासाला 'ला' लागतो, भांडणाला 'शी'. 'माझे त्याच्याशी भांडण झाले.' 'शी' हा प्रत्यय दोन पक्ष एका पातळीवर उभे करतो. कोणी आरंभ केला हे सांगायचे असेल, तर 'भांडण उकरून काढले' असे म्हणावे लागते. कन्नडात त्यासाठी 'कालु केरेदु जगळ' म्हणतात, म्हणजे पायाने माती उकरून केलेले भांडण. दोन्ही भाषांना उकरणेच आठवावे, ही जवळीक मला विलक्षण वाटते.

भांडणाच्या शब्दांचा मोठा भाग सभेतून व न्यायालयातून रस्त्यावर आलेला आहे. 'भांडण' स्वतः जुने आहे. पालीत 'भंडन', 'कलह' आणि 'विवाद' हे शब्द कोसंबीच्या भिक्षूंच्या भांडणाच्या कथेत एकत्र येतात, आणि अट्ठकथेनुसार त्या महाभांडणाचे कारण शौचगृहातील भांड्यात राहिलेले थोडे पाणी हे होते. परंतु 'वाद' म्हणजे तत्त्वनिर्णयासाठी केलेली चर्चा, 'जल्प' जिंकण्यासाठी आणि 'वितंडा' केवळ खंडनासाठी. मराठीने 'वितंड' आणि 'वाद' यांना एकत्र बांधून टाकले. अरबी 'हुज्जत' म्हणजे प्रमाण, मराठीत ती घातली जाते. 'कज्जा' म्हणजे न्यायालयापुढील प्रकरण. त्याचा कज्जेदलाल झाला. इंग्रजी 'आर्ग्यू' याचा मूळ अर्थ सिद्ध करणे, स्पष्ट करणे; आज शेजारच्या खोलीतून आवाज आला की तेथे कोणीतरी 'आर्ग्यू' करीत असते.

यांत 'तक्रार' व इंग्रजी 'क्वॉरल' ही जोडी एकमेकांसमोरून गेलेल्या दोन प्रवाशांसारखी आहे. लॅटिनमध्ये 'क्वेरेला' म्हणजे गाऱ्हाणे. त्याचे इंग्रजीत भांडण झाले. अरबीत 'तक्रार' म्हणजे पुनरुक्ती. उर्दूत ती बाचाबाची झाली, कन्नडात 'तकरारु' म्हणजे हरकत, तंटा, आणि मराठीत ती शांत होऊन गाऱ्हाण्यापाशी येऊन थांबली. कन्नडात 'तंटे-तकरारु' असा जोडशब्द आहे. मराठीने 'तंटा' वेगळा काढून त्याला सरकारी प्रतिष्ठा दिली. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचे नाव येथे स्मरावे. गावपातळीवरच सामोपचाराने वाद मिटविणे हा तिचा उद्देश. तंटामुक्ती ही तक्रारमुक्ती होऊ नये, हे भान अशा मोहिमेत ठेवावे लागते, कारण तंट्याला 'शी' लागतो आणि तक्रार एकट्यालाही करता येते.

हा भेद सर्वांत अधिक जेथे बोचतो ते स्थळ म्हणजे घर. 'कौटुंबिक वादातून पत्नीचा खून' हा मथळा मराठी वाचकाला नवा नाही. कन्नड वृत्तपत्रांत त्याच जागी 'कौटुंबिक कलह' असतो. वाद आणि कलह हे दोन्ही 'शी' प्रत्ययाचे शब्द आहेत. ते लिहिताच मरणारी आणि मारणारा हे एका भांडणाचे दोन पक्ष होतात. जे वर्षानुवर्षे तिला दिले जात होते, ते तिच्याशी झाले असे ठरते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक अधिनियमाने 'हिंसाचार' हा शब्द आणला खरा; मथळ्यांच्या सवयीत तो अजून पुरता उतरलेला नाही.

भांडखोर स्त्रीसाठीच्या शब्दांत तर दुसरा पक्ष समूळ नाहीसा होतो. इंग्लंडच्या कायद्यात 'कॉमन स्कोल्ड' नावाचा एक अपराध होता. शेजाऱ्यांशी सतत भांडणारी स्त्री ही सार्वजनिक उपद्रव मानली जाई. लॅटिन संज्ञेचे रूपही स्त्रीलिंगीच, म्हणून पुरुष हा अपराध करूच शकत नसे. १९६७ च्या फौजदारी कायद्याने तो रद्द झाला. इंग्रजी 'टर्मॅगंट' हा मध्ययुगीन ख्रिस्ती कल्पनेने परधर्मीयांच्या माथी मारलेला एक काल्पनिक देव; रंगभूमीवर तो आरडाओरडा करी, आणि पुढे त्याचे नाव भांडखोर बाईला मिळाले. आपला 'कजाग' हा तुर्की 'कझाक', म्हणजे लुटारू स्वार, याचा वंशज. घोड्यावरून उतरून तो चुलीपाशी आला आणि बहुधा बाईलाच लागू पडू लागला. रामायणातील ताटका राक्षसीची 'त्राटिका' झाली ती याच वाटेने. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शेक्सपिअरच्या भांडकुदळ नायिकेच्या सुखात्मिकेचे मराठी रूपांतर केले, तेव्हा त्यांनी हाच शब्द नाव म्हणून निवडला. मूळ इंग्रजी नावात वठणीवर आणण्याची क्रिया आहे, म्हणजे वठणीवर आणणाराही गृहीत आहे. मराठी नावात ती क्रिया गेली. रंगमंचावर प्रतापराव आहे, त्याची अरेरावी आहे, प्रेक्षक त्याला टाळ्याही देतात. जाहिरातीत मात्र एकटी त्राटिका.